तीन फोटो आणि आईचा डबा

श्रेयांसचा निपाणीत फोटो स्टुडिओ. पासपोर्ट, लग्नं, बारशी. "जरा गोरं करा की" ऐकून कान किटलेले. त्यामुळं छापखानेवाल्या रविराजनं कॅलेंडरसाठी तळ्याकाठच्या गावाचा फोटो मागितला, तेव्हा तो हरखला. वर्षभर घराघरांत आपला फोटो, खाली आपलं नाव.

पहिला फोटो बघून रविराज म्हणाला, "आभाळ लई झ्याक. गाव कुठाय?"

दुसऱ्यात गाव आलं, आभाळ पांढरंफटक.

मग श्रेयांस मोबाईलवर व्हिडिओ बघून एचडीआर शिकला. स्टँडवर कॅमेरा रोवायचा. एकच दृश्य एकदा अंधारं, एकदा मध्यम, एकदा उजळ काढायचं आणि कॉम्प्युटरवर तिन्ही एकात एक बसवायची, म्हणजे आभाळ आणि गाव दोन्ही नीट येतात. समोरचं काही हलता कामा नये. कॅमेऱ्याला हातही लावायचा नाही, बटण मोबाईलवरून दाबायचं.

वेळ मावळतीची. आणि घर जैनाचं, दिवस बुडायच्या आत जेवणारं. पहिला फोटो निघाला की नेमकी त्याच मोबाईलवर आईची रिंग, कॅमेरा गप्प.

"श्रेयांस, ताट वाढलंय."

"आई, दहा मिनिटं."

"सूर्याला सांग की दहा मिनिटं."

असे चार दिवस गेले. पाचव्या दिवशी रविराजनं बजावलं, "उद्या नऊला छपाई. न्हाईतर मी मागच्या वर्षीचं देऊळ छापतो."

त्या संध्याकाळी श्रेयांसनं फोन येणंच बंद केलं. पहिला फोटो निघाला. दुसऱ्यात डावीकडून त्याची आई कांताबाई डबा घेऊन आल्या. तिसऱ्यात त्या तळ्याच्या मधोमध दिसत होत्या, बोट सूर्याकडं.

"आई, बाजूला हो गं."

"फोन का लागंना तुझा?"

बोलेपर्यंत सूर्य बुडाला. कांताबाईंनी उघडलेला डबा बंद केला.

"तू तरी खाऊन यायचंस," श्रेयांस कातावला.

"तू उपाशी आणि मी खाऊ व्हय?"

रात्रभर दोघं उपाशी. पहाटे श्रेयांस स्टँड उचलून निघाला, तर आई चप्पल घालून दारात.

"आता कशाला?"

"सूर्य उगवल्यावर अठ्ठेचाळीस मिनिटं आपण तोंडात काही घालत न्हाय, तोवर मी तुला जेवाय बोलवत न्हाय. काढ निवांत."

त्या काठावर, कॅमेऱ्यामागं बसल्या. पाठीमागून ऊन आलं आणि समोरच्या घरांवर पडलं. श्रेयांसनं बटण दाबलं. गाव स्वच्छ, आभाळ निळं, पाण्यात दोन्ही. एकाच फोटोत.

तो स्क्रीनकडं बघतच राहिला.

"झालं?"

"झालं."

"मग आता काय काढतोयस?"

"दुसरा. मग तिसरा."

"पहिला चांगला न्हाय?"

"चांगला हाय."

"मग?"

"पाच दिवस शिकलोय, आई. गप बस जरा."

कांताबाईंनी घड्याळ बघितलं आणि डबा मांडीवर घेतला.