कुलूपबंद घरांचं दळण

पोलादपुरात एसटी स्टँडच्या मागे आमची पिठाची गिरण आहे. हे गाव चालतं ते डोंगरातल्या वाड्यांवर. वरची माणसं खाली उतरली की खत, औषधं, तहसीलचा दाखला आणि दळण एकाच फेरीत उरकून जायची. आता हायवे खोल खणून गावाच्या पोटातून नेलाय. गाड्या खालून जातात, वर नुसती घरघर ऐकू येते. वाड्यांमधली माणसंही मुंबईला गेली. दुपारी सगळी दुकानं उघडी आणि रस्त्यावर कुणीच नाही, असं असतं.

अशा वेळी वरच्या एका वाडीतले काका दळण घेऊन येत. मुंबईत वॉचमन होते, बायको गेल्यावर गावी परतले. वाडीत ते एकटेच. तरी चार-पाच पिशव्या आणायचे, प्रत्येकीत थोडे थोडे तांदूळ. "वेगवेगळं दळ गो," म्हणायचे. "घरं वेगळी हायत."

"पण तिथं तर सगळ्यांना कुलपं आहेत ना?" मी एकदा विचारलं.

"म्हणून तर. चाव्या माझ्याकडं हायत. येकेका घरात जाऊन चूल पेटवतो, भाकरी भाजतो. धूर नाय लागला तर वाशांना कीड लागते. ड्युटीच हाय माझी."

मला ते पटलं. एवढंसं दळण निम्मं उडूनच जायचं, पण मी वेगवेगळं दळून द्यायचे.

श्रावणात एकदा ते पिशव्या ठेवून गेले आणि न्यायला आलेच नाहीत. फोनही लागेना. दोन-चार दिवस वाट पाहून मी गिरण नवऱ्यावर सोपवली आणि पीठ घेऊन दुपारच्या गाडीने वर गेले. वाडीच्या थांब्यावर उतरणारी मी एकटीच. सगळीकडे धुकं होतं. रस्त्यालगतच्या पहिल्या घराच्या कौलांतून मात्र धूर निघत होता. आधी वाटलं, तेही धुकंच. पण धुक्याला भाजक्या भाकरीचा वास नसतो.

मला बरं वाटलं. काका तिथेच असतील म्हणून हाक मारली. उत्तर आलं नाही. दाराला बाहेरून कुलूप होतं.

काका आपल्या घरात घोंगडी पांघरून पडलेले सापडले. अंग तापलेलं, चूल थंडगार. मी पाणी दिलं आणि विचारलं, "रस्त्याकडच्या घरी कोण आलंय? धूर दिसला."

ते कोपरावर उठून बसले. "तुला दिसला?"

"हो. भाकरीचा वासपण आला."

त्यांचे डोळे भरले. "मला वाटलं, मलाच दिसतो," म्हणाले. "त्या घराची चावी माझ्याकडं नाय गो."

त्या घराकडे परत जायचं माझ्या जिवावर आलं. पण त्यांना डॉक्टरकडे न्यायचं होतं आणि परतीची गाडी त्याच घरासमोर थांबायची. त्यांना धरून निघाले. जवळ गेलो तसा आतून भाकरी थापल्याचा आवाज यायला लागला. अंगणाशी पोचलो आणि तो थांबला. बाहेर कुणी आलंय असं वाटून हात थांबावा, तसा. कुलपावर गंज चढला होता.

काका ओट्यापाशी उभे राहिले. "महाडला चाललो गो," त्यांनी दाराकडे तोंड करून सांगितलं, "औषध घेऊन येतो."

महाडच्या दवाखान्यात त्यांना सलाईन लावलं, ताप उतरला.

गणपतीत त्या रस्त्याकडच्या घरची सून मोदकाचं पीठ दळायला आली. मी सहज विचारल्यासारखं विचारलं, "चूल अजून वापरता का?"

"चूल कुठली? सासूबाई गेल्या, त्यानंतर फरशी घातली तेव्हाच काढून टाकली. आता गॅस." मी तिचे तांदूळ गिरणीत ओतले.

त्याच सुट्टीत काकांचा मुलगा त्यांना मुंबईला न्यायला आला होता. काका तयार नव्हते; तो परत निघाला त्या दिवशी दोघं गिरणीत आले. एकट्याने राहणं बरं नाही, असं तो परोपरीने सांगत होता.

"येकटा कुठं?" काका म्हणाले. "शेजार हाय की."

मुलाने माझ्याकडे पाहिलं. मी त्यांची समजूत घालावी, अशी त्याची अपेक्षा असावी. मी गिरणीची मोटार सुरू केली.