अंगठ्यांची पाळी

परवा कपाट आवरताना ऑफिसचा जुना, बारीक बटणांचा फोन हाती लागला आणि मी थेट अंबडच्या कारखान्यातल्या त्या दुपारी पोहोचलो.

असे फोन सगळ्यांना घ्यावेत का, हे आठवडाभर वापरून मी साहेबांना कळवायचं होतं. माझा अंगठा मात्र एकदम तीन बटणांवर बसायचा. शेवटच्या दिवशी मी टायपिस्ट देशपांडेबाईंना ऐटीत म्हणालो, "घ्या लिहून, या फोनवर टाइप करणं अशक्य आहे."

"लाइट गेलीय, कॉम्प्युटर बंद. तो फोनच द्या इकडं."

आणि बाईंचे अंगठे सुरू झाले. नजर माझ्या तोंडाकडे, पुढच्या वाक्याची वाट बघत!

"टाइपरायटरवर अंगठ्यांना शब्दांमध्ये जागा सोडण्यापलीकडे कामच नव्हतं," बाई हसल्या. "आज त्यांची पाळी. हं, अहवाल पाठवला साहेबांना."

लगेच साहेब केबिनबाहेर आले. "'टाइप करणं अशक्य आहे' हे टाइप कशावर केलंत?"

फोन सगळ्यांना मिळाले. बाईंच्या फोनवरची अक्षरं वर्षभरात पुसली गेली. माझ्या फोनवरची आजही कोरी करकरीत आहेत; झिजलंय ते फक्त खोडायचं बटण.