मांडवातलं सोन्याचं घड्याळ

सोपानतात्या गेल्याचं कळलं, तेव्हा मी बारामतीच्या दुकानात एका जुन्या पितळी समईवरून गिऱ्हाइकाशी भांडत होतो. त्यांच्या गावाहून, अंथुर्ण्याहून, फोन आला. रिसीव्हर ठेवला आणि समई त्या माणसाला त्याच्या भावात देऊन टाकली. जुन्या वस्तूंच्या धंद्यात मी असं कधी केलं नव्हतं. तात्यांवर माझा राग होता. आजही आहे... पण तो आता कुणावर काढायचा?

तात्या वालचंदनगरला कंपनीच्या पाहुण्यांची मोटार चालवत. यंत्रं बसवायला आलेला एक परदेशी इंजिनिअर मायदेशी जाताना स्वतःचं सोन्याचं घड्याळ तात्यांच्या मनगटावर बांधून गेला. बिस्किटाइतकंही जाड नाही, तबकडी सायीच्या रंगाची, काटे केसासारखे. माझ्या हातून पुष्कळ घड्याळं गेली, पण ते पहिल्यांदा तळहातावर घेतलं तेव्हा भाव विचारायचंच विसरलो.

तात्यांनी ते स्वतः कधी घातलं नाही. त्यांच्या पुतणीच्या लग्नात नवरदेव घड्याळासाठी रुसून बसला. मुहूर्त टळायला आला, मुलीचा बाप मांडवाबाहेर तोंड लपवून उभा. तात्या उठले, रुमालातलं घड्याळ काढून नवरदेवाच्या हातात बांधलं आणि म्हणाले, "पाव्हणं, लगीन लागंपर्यंत तुमचं. मग माझं." मांडव हसला, नवरदेवालाही हसू आवरेना, रुसवा तिथंच संपला. तेव्हापासून गावात मुलीचं लग्न असलं, की घर धनगराचं असो वा बौद्धाचं, तात्या रुमाल घेऊन हजर. ते घड्याळ एकदा हातात बांधलं, की नवऱ्याला दुसरं मागायला तोंडच उरत नसे. पुढं पुढं तर मुलीकडचे सोयरीक जुळवतानाच पाहुण्यांना सांगत, घड्याळाचं बोलू नका, ते आमच्या तात्यांचं असतं.

हे सगळं ठाऊक असूनही मी मागं लागलो होतो. पुण्याचा एक संग्राहक असंच घड्याळ शोधत होता, आणि तात्यांना डाळिंबाच्या बागेसाठी बोअर घ्यायचं होतं. कितीतरी खेपा घातल्यावर त्यांनी ते विकायचा शब्द दिला. संग्राहक दुकानात आला, तात्यांनी काउंटरवर ठेवलेलं घड्याळ भिंगातून बराच वेळ पाहत राहिला, आणि माझ्या मनात होता त्याहून मोठा भाव स्वतःच बोलला. भंगारापासून सुरुवात केलेला माणूस मी. त्या एका सौद्यानं पुण्याच्या बड्या लोकांत माझं नाव झालं असतं.

तेवढ्यात तात्यांनी शांतपणे विचारलं, "सायेब, गावात लगीन असंल तवा द्याल का?"

तो हसला. म्हणाला, आता हे काचेच्या कपाटाबाहेर यायचं नाही.

तात्यांनी घड्याळ उचललं, रुमालात गुंडाळलं. "मग न्हाय जमायचं."

मी सगळ्या पेठेला ऐकू जाईल असा ओरडलो. दिलेला शब्द, माझी इज्जत, सगळं काढलं. तात्यांनी ऐकून घेतलं आणि पायरी उतरताना म्हणाले, "शेठ, तुमचं बरूबर हाय. शब्द मीच मोडला." एवढंच. त्या उन्हाळ्यात त्यांची डाळिंबं वाळली. संग्राहक पुन्हा फिरकला नाही. मी तात्यांशी बोलणं टाकलं.

तेरावं झाल्यावर त्यांचा मुलगा आला आणि काउंटरवर तोच रुमाल ठेवला. "घड्याळ इकायचं झालं तर तुमालाच, असं तात्या सांगून गेल्यात."

"मलाच का?"

त्यानं रुमाल माझ्याकडे सरकवला. "म्हणाले, त्यो तापट हाय, पर शब्द मोडल्याचा राग अजून धरून हाय. म्हंजी शब्दाची किंमत त्यालाच कळती. आन् एक अट हाय..."

"ठाऊक हाय," मी म्हणालो.

घासाघीस केलीच. सवय जात नाही. भावावर केली, अटीवर नाही. पुण्याहून त्याच संग्राहकाचा निरोप आला, घड्याळ आता तुमच्याकडे आहे म्हणे. मी तात्यांचाच प्रश्न त्याला विचारला. उत्तर तेच आलं, मग माझंही तेच.

परवा अंथुर्ण्यात लग्न होतं. दुसऱ्या कुणाच्या हातात द्यायचा धीर होईना, म्हणून स्वतः गेलो. सकाळी चावी दिली, रुमालात गुंडाळलं. मांडवात नवरदेवाचं मनगट हातात घेतलं, पट्टा आवळला आणि म्हणालो, "पाव्हणं, लगीन लागंपर्यंत तुमचं."

पुढचं 'मग माझं' सगळ्यांना पाठ होतं. सगळा मांडव वाट बघत होता...

"मग तात्यांचं," मी म्हणालो.