जैतुनबीची काडी

नारू काढणाऱ्या माणसाला घाई चालत नाही. जैतुनबीला ती कधीच नव्हती. पायावरचा फोड फुटून पांढऱ्या दोऱ्यासारखं टोक दिसू लागलं, की ती ते तुरीच्या काडीवर अलगद गुंडाळायची. रोज एक वेढा, फार तर दोन. मग काडी पट्टीने पायालाच बांधायची आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा एक वेढा. दीड-दोन हात लांबीचा तो किडा पुरता बाहेर यायला कधी पंधरा दिवस लागत, कधी महिना. मध्येच ओढला आणि तुटला तर उरलेला आत सडतो, पाय सुजतो, आणि माणूस जन्माचा लंगडा होतो किंवा दगावतो. तिच्या हातून एकही नारू तुटला नाही असं गाव सांगायचं. ती स्वतः मात्र तीन तुटले असं सांगायची, आणि त्या तिघांची नावंही सांगायची.

मी १९३४ साली आसेगावच्या बाजूच्या एका लहान गावात मास्तर म्हणून गेलो, तेव्हा ती पन्नाशीला आली असेल. नवरा पिंजारी होता, तो वारला होता. एकुलती मुलगी सितारा रिसोडला फय्याज कल्हईवाल्याला दिलेली. नारू काढायचं काम तिच्याकडे सासूकडून आलं होतं, आणि त्याबद्दल ती कुणाकडून काही घेत नसे. बोलायची मात्र तिखट. जगदेव पाटलासारखा आडदांड माणूस तिच्यापुढे पाय पसरून रडू लागला, तेव्हा ती त्याला म्हणाली होती, "मिशा काढून ठेव पाटील, मंग रड." पाटील रडता रडता हसला, आणि तेवढ्यात तिने वेढा दिला.

तिची एक रीत होती, तीही सासूचीच. काडीला वेढा देण्याआधी ती रोग्याला गावच्या बारवेवर न्यायची. बारव म्हणजे पायऱ्यांची विहीर. उन्हाळ्यात पाणी खाली जाई आणि बाया पायऱ्या उतरून, घोटाभर पाण्यात उभ्या राहून घागरी भरत. तिथेच शेवटच्या पायरीवर बसवून ती रोग्याचा पाय पाण्यात सोडायला लावी. फोडाची आग जागीच शमायची. थोड्या वेळाने फोडाच्या तोंडातून दुधासारखं काही पाण्यात पसरायचं आणि नारू मऊ पडून चांगला बोटभर बाहेर यायचा. "नारूनं दूध सोडलं," असं ती म्हणायची. दूध सोडलं की काम सोपं. ती रीत खोटी नव्हती. नारू खरोखरच मऊ पडायचा.

दर वर्षी वैशाख-ज्येष्ठात, नेमक्या पेरणीच्या तोंडावर, गावातली पाऊणशे माणसं पाय धरून बसायची. माझ्या शाळेत पोरं लंगडत येत, किंवा येतच नसत. चौथीला मी फळ्यावर पेशीचं चित्र काढून सांगायचो, की शेवाळ काय, मासळी काय आणि आपण काय, सारे अशाच लहान लहान पेशींचे बनलेले. शेवाळावर पाणपिसू नावाचा पाण्यातला बारीकसा किडा जगतो, पाणपिसवावर मासळी, मासळीवर बगळा. पोरं ते पाठ म्हणायची. म्हणताना त्यांच्यातल्या निम्म्यांच्या पायाला काड्या बांधलेल्या असत, आणि त्या पाठाचा त्या काड्यांशी काही संबंध असेल असं मला सुचलंही नाही.

सदतीस सालच्या उन्हाळ्यात मी अकोल्याला माझ्या एका मित्राकडे गेलो होतो. तो तिथे हायस्कुलात शास्त्र शिकवायचा. बोलता बोलता मी त्याला जैतुनबीची रीत कौतुकाने सांगितली. दुधाची गोष्ट आली तसं त्याने मला थांबवलं. मग म्हणाला, ते दूध नाही, ती पिल्लं आहेत. नारूची मादी पाण्याची वाट पाहत असते. पाणी लागलं की पिल्लं सोडते. ती पिल्लं पाणपिसू गिळतो. पंधरा दिवसांत त्याच्या पोटात ती तयार होतात. तो पाणपिसू पाण्याबरोबर माणसाच्या पोटात जातो आणि वर्षाने पायातून नारू निघतो. बारवेत मासे आहेत का, असं त्याने विचारलं. पूर्वी होते; दोन उन्हाळे पाणी आटलं तेव्हा लोकांनी धरून खाल्ले, असं मी सांगितलं. म्हणजे पिसवांना खाणारंही कुणी उरलं नाही, तो म्हणाला. त्याने आपलं सूक्ष्मदर्शक यंत्र महिन्याभरासाठी मला दिलं.

गावात परतल्यावर मी त्या दुधाचा एक थेंब काचेवर घेऊन पाहिला. बारीक शेपटीच्या शेकडो अळ्या वळवळत होत्या. मग बारवेचं पाणी पाहिलं. त्यात कपाळावर एकच डोळा असलेला, दोन्ही बाजूंना अंड्यांच्या पिशव्या घेऊन उड्या मारणारा पाणपिसू होता. दोन्ही एका पेल्यात ठेवले आणि तिसऱ्या दिवशी एका पिसवाच्या पारदर्शक अंगात त्याच अळ्या वळवळताना दिसल्या. मला आनंद झाला होता, हे कबूल करायला हवं. गावात हे ज्याला कळेल असं एकच माणूस होतं, म्हणून मी ते सगळ्यांत आधी जैतुनबीला दाखवलं. आपण तिला काय दाखवतो आहोत याचा मी विचार केला नव्हता.

तिने बराच वेळ डोळा लावला.

"हे जित्तं हाये?" तिने विचारलं.

मी हो म्हणालो.

"याले मी दूध म्हनत होती."

मग तिने मला नीट विचारून घेतलं: किती दिवस पिसवात, किती दिवस माणसात, पोटात गेल्यावर काही औषध आहे का. औषध नाही, हे मी सांगितलं. पाणी दुहेरी फडक्यातून गाळून प्यायचं आणि पाण्यात पाय घालायचा नाही, एवढंच हाती आहे. ती उठली. दारात जाऊन थांबली आणि माझ्याकडे न पाहता म्हणाली, "सितारा मागच्या वैशाखात बाळंतपनाले आली होती मास्तर. दोन महिने हेच पानी पेली."

दुसऱ्या दिवशी सकाळी ती बारवेच्या तोंडाशी बसली. येईल त्याला तिने सांगितलं, की हा रोग माझ्यामुळे आहे, माझ्या सासूमुळे आहे, आणि आजपासून पाण्यात कुणी पाय घालायचा नाही. लोकांना ते पटलं नाही. मास्तरने बुढीला येड लावलं, असं ठरलं. जगदेव पाटील चिडून म्हणाला, की गावाचं पाणी अडवणारी ही कोण? जैतुनबीने वाद घातला नाही. तिने एकच अट घातली: बारवेत पाय घालेल त्याच्या पायाला माझा हात लागणार नाही. नारू काढणारं दुसरं माणूस पंचक्रोशीत नव्हतं. लोक कुरकुरत तिच्या दारी येऊ लागले. ती घमेल्यात पाणी घालून पाय बुडवायला लावी आणि ते पाणी लांब उकिरड्यावर, कोरड्या राखेत ओतून येई. पाणी गाळायचं मात्र दोन-तीन घरांपलीकडे कुणी मनावर घेतलं नाही. गाळण्यासाठी लुगडं फाडायचं कुणी, हा प्रश्न होता.

असे तीन आठवडे गेले, आणि मृगाच्या आधी फय्याज बैलगाडीतून सिताराला घेऊन आला. वर्षाची मुलगी रिसोडलाच सासूजवळ ठेवली होती. सिताराचा फोड गुडघ्याच्या किंचित खाली, पोटरीवर होता. जैतुनबीने पाहिलं आणि तुरीची काडी सोलायला घेतली. फय्याजला तिने दुसऱ्याच दिवशी परत पाठवलं. वेळ लागेल, म्हणाली.

अडचण अशी होती, की तिचं घमेलं उथळ होतं. त्यात घोटा बुडे, पोटरी बुडत नसे. ती लोट्याने धार धरायची; पण धारेने आग विझत नव्हती आणि नारूही मऊ पडत नव्हता. वेढा निम्म्यावरच अडायचा. सितारा विसाव्या वर्षातली पोर, ती रडून रडून म्हणायची, "अम्मा, एकडाव बावडीत पाय टाकू दे. येकच डाव." सारं गाव पाहत होतं. पोटच्या पोरीला बुढी बारवेत सोडते का, एवढंच लोकांना पाहायचं होतं. तिने सोडलं असतं, तर दुसऱ्या दिवशी पायरीवर बसायला जागा उरली नसती.

जैतुनबी पाटलाच्या घरी गेली आणि तिने जगदेवची बायको गोजराबाई हिच्याकडे खोल घंगाळ मागितलं. गोजराबाई वाईट नव्हती. सिताराला तिने लहानपणी मांडीवर खेळवलं होतं. पण ते घंगाळ देवघरच्या पाण्याचं, आणि त्यात नारूचा पाय, तोही पिंजाऱ्याच्या घरचा. तिच्याने ते देववलं नाही. उद्या पाहू, असं म्हणाली.

मी त्या दिवशी यंत्र परत करायला अकोल्याला गेलो होतो. माझ्या बंद खोलीत एक खोल बादली होती.

पुढचं मला गोजराबाईनेच नंतर सांगितलं. दुपारी जैतुनबी वेशीपलीकडच्या एका म्हाताऱ्याचा वेढा द्यायला गेली होती. सिताराचं ओरडणं गोजराबाईला घरात ऐकू येत होतं. घंगाळ दिलं नाही ही बोचणी होतीच. ती उठून गेली आणि सिताराला म्हणाली, "चाल पोरी. तुह्या मायच्या काळजाचा गोटा झाला, माह्या नाही झाला." घंगाळ द्यायला जो विटाळ आड आला होता, तो पोरीला छातीशी धरून उचलताना आड आला नाही. तिने तिला बारवेत नेलं, शेवटच्या पायरीवर बसवून पोटरी पाण्यात सोडली. सितारा रडायची थांबली. डोळे मिटून म्हणाली, "मावशी, किती बरं वाटून राह्यलं." पाण्यात दूध पसरलं. नारू मऊ पडला, आणि भिजल्या पट्टीतून काडी निसटू नये म्हणून गोजराबाईने ती सोडवून हातात धरली. वर येताना सिताराचा पाय शेवाळावरून घसरला. ती दोन पायऱ्या खाली गेली, आणि काडी गोजराबाईच्या हातातच राहिली. काडीला वीतभर तुटका पांढरा दोरा गुंडाळलेला होता.

मी तिसऱ्या दिवशी परत आलो तेव्हा पाय मांडीपर्यंत सुजून काळवंडला होता. वाशीमच्या दवाखान्यात न्यायला मीच गाडी जुंपायला लावली. फय्याज वाटेत येऊन मिळाला. जैतुनबी सिताराचं डोकं मांडीवर घेऊन बसली होती आणि तिच्या हाताची आखडलेली बोटं एकेक मोजल्यासारखी चोळत होती. आठव्या दिवशी, अजून पाऊस पडला नव्हता, सितारा गेली. शुद्धीत असताना तिने मुलीला आणायला सांगितलं होतं. ती पोचली नाही.

जैतुनबीने गोजराबाईला शब्दानेही विचारलं नाही. दफन करून आली त्याच्या चौथ्या दिवशी ती पुन्हा आपल्या दारात बसली, अट तीच ठेवून. लोकांनी आता वाद घातला नाही. बारवेत त्या हंगामात सितारानंतर कुणाचा पाय पडला नाही. गोजराबाईने घंगाळ आपणहून आणून दिलं. जैतुनबीने ते ठेवून घेतलं आणि वापरलं.

पुढल्या ज्येष्ठात पाऊणशेच्या जागी एकोणीस माणसांना नारू निघाला. मी आकडा वहीत लिहून मित्राला कळवला. त्या एकोणिसांत गोजराबाई होती. घोट्यावर फोड घेऊन, काठी टेकत ती आली आणि दारात उभी राहिली. जैतुनबीने तिला बसायला गोणपाट दिलं, पाय घंगाळात बुडवला, टोक काडीवर घेतलं. रोज एक वेढा. मी शाळेच्या वाटेवर पाहायचो. दोघी बोलत नसत.

बाराव्या-तेराव्या दिवशी मी तिथे उभा होतो. गोजराबाई त्या दोऱ्याकडे पाहत होती. म्हणाली, "जैतुन, हा सिताराच्या पायातला त नसंन?"

जैतुनबीने काडीला अर्धा वेढा दिला. अंगठ्याने दोरा किती ताणला आहे ते पाहिलं.

"असंन बी," ती म्हणाली. "पाय हालवू नको."

बाविसाव्या दिवशी नारू अख्खा निघाला. तिने तो चुलीत टाकला, घंगाळातलं पाणी उकिरड्यावर ओतून आली, आणि दारात बसलेल्या पुढच्या माणसाला आत बोलावलं.