खुर्ची नाही, सत्कार करू

दुपारपासून मन थाऱ्यावर नाही, म्हणून तुम्हाला सांगतेय.

चाकणच्या एका कंपनीत मी भरतीचं काम बघते. आज दिघीचे एक माजी सैनिक गेटवरच्या नोकरीसाठी आले होते. लढाईत त्यांचा एक पाय गेलाय. "बसायला खुर्ची द्या, बाकी सगळं करतो," एवढंच त्यांचं म्हणणं.

मी साहेबांना सांगितलं, की अशी सोय मिळणं हा अपंगांचा कायदेशीर हक्क आहे.

"मॅडम, गेटवर बसलेला माणूस बरा दिसतो का? पंधरा ऑगस्टला बोलवू त्यांना, मस्त सत्कार करू."

मी पुन्हा बोलले. साहेब मोबाइल बघत राहिले.

बाहेर येऊन त्या सैनिक काकांना सगळं सांगितलं. ते हसले. "सत्काराच्या इतक्या शाली झाल्यात पोरी, घरात थंडीच वाजत न्हाई."

नकाराचं कारण मलाच लिहायचं होतं. आईने मला घरीच लिहायला शिकवलं, आणि खोटं लिहिलं की पान फाडायला लावायची. आज मी 'शारीरिकदृष्ट्या अपात्र' लिहून सही केली.

खरं कारण लिहिलं असतं, तरी काकांना नोकरी मिळाली नसतीच. पण तुम्ही काय लिहिलं असतं?