आधीच ठरलेलं उत्तर

चावीवाल्या मास्टरांचा कोणावरच विश्वास नव्हता. बाजाराच्या तोंडाशी जिन्याखाली त्यांचं दुकान. "चावी हरवली" म्हणत कोणी आलं, की ते आधी त्याच्या पायांकडे बघत. कचरा टाकायला बाहेर पडून अडकलेला माणूस घरातल्या चपलांवरच येतो, असा त्यांचा अंदाज. पायात चकचकीत बूट दिसले की प्रश्न वाढायचे.

हे काम त्यांना मामांनी शिकवलं होतं. मामांच्या हातात कसब होतं आणि मन भोळं. एका मित्राच्या शब्दावर त्यांनी एक बंद दार उघडून दिलं. घर त्या मित्राचं नव्हतंच. मामा तुरुंगातून परतले तेव्हा त्यांच्या हाती कोणी साधी पेटीही देईना. भाच्यानं हे सगळं जवळून पाहिलं. म्हणून स्वतःचं दुकान थाटलं त्या दिवशी, शटर वर करण्याआधी, त्यानं डोळे मिटून देवाला शब्द दिला: मालक समोर असल्याशिवाय कुलपाला हात लावणार नाही.

आयत्या वेळी माणूस देवाशीसुद्धा वाद घालतो, तेव्हा आधीच बोलून मोकळं व्हावं, असं ते बायकोला सांगत. सकाळी दुकानाकडे जाताना ते न आलेल्या गिऱ्हाइकांना नाही म्हणायचा सराव करत. कोणी रडलं तर काय बोलायचं, कोणी दम दिला तर काय, सगळं ठरलेलं. भर रस्त्यात एकटेच भांडता, लोक काय म्हणतील, असं बायको कुरकुरायची.

त्यांची एकुलती लेक केस कापायचं काम शिकली होती आणि त्यात तिचा हात चांगलाच बसला होता. तिचं लग्न झालं आणि आठवड्याभरात व्याह्यांनी घरातली सगळी कुलपं बदलून टाकली, तीही दुसऱ्या दुकानातून आणून. बायकोला ते फार लागलं. मास्टर म्हणाले, त्यांच्या जागी मीही हेच केलं असतं. पण त्या रात्री ते नीट जेवले नाहीत.

पुढे एका दुपारी लेकीचा फोन आला. ओट्याखालच्या दाराचं बिजागर निखळलंय, हत्यारांची पिशवी घेऊन या. मास्टर गेले. बिजागर ठणठणीत होतं. सासू-सासरे दवाखान्यात, जावई कामावर. मास्टरांना शंका आली आणि ती खरी निघाली. लेकीनं त्यांना आतल्या खोलीत नेलं, सासऱ्यांच्या लोखंडी कपाटापुढे. सलूनमध्ये तिला काम मिळत होतं, पण सासऱ्यांनी तिच्या कात्र्यांचा डबा 'हरवायला नको' म्हणून आत ठेवून कुलूप लावलं होतं. मागितला की चावी सापडत नसे.

त्या कात्र्या मास्टरांनीच घेऊन दिल्या होत्या. त्यांनी कुलूप पाहिलं. अगदी साधं होतं. हात आपोआप पिशवीत गेला आणि तार बोटांत आली. तेवढ्यात जुनी खोड जागी झाली.

"आत आणखी काय आहे?" त्यांनी विचारलं.

लेक बघतच राहिली. "बाबा, माझ्यावरही संशय?"

मास्टर वरमले. असं गिऱ्हाईक सरावात कधी आलंच नव्हतं. रडणारी पोटची पोर होती, आणि म्हणणंही तिचंच खरं होतं. तार अजून बोटांतच होती.

"संशय मला माझाच आहे," ते म्हणाले. "आज तुझ्यासाठी उघडलं, तर उद्या कोणासाठी नाही म्हणू? शब्द देऊन बसलोय, पोरी."

"म्हणजे तुम्ही पण त्यांच्याच बाजूचे," ती म्हणाली आणि भिंतीकडे तोंड फिरवून उभी राहिली.

मास्टरांनी तार पिशवीत टाकली. देवा, शब्द मी दिलाय, आता हात तू धर, असं मनात म्हणत ते खुर्चीवर बसून राहिले. निघून जाता आलं असतं, पण पाय निघेना.

व्याही आले ते थेट आतल्या खोलीत. कपाट, पिशवी, मास्टर. त्यांचा चेहरा उतरला. ते वाकले आणि कुलपावर ओरखडा आहे का ते नखानं चाचपू लागले. मास्टरांनी आपणहून पिशवी उघडून त्यांच्यापुढे धरली.

"मी कुलपाला हात लावलेला नाही," ते म्हणाले. "तुमची चावी तुम्हीच लावा. लेकीच्या कात्र्या तिला द्या, एवढंच मागायला थांबलोय."

व्याह्यांना ते खरं वाटलं नाही. वाटलं नाही म्हणूनच, काही गेलंय का बघायला, त्यांनी कनवटीची चावी काढली आणि कपाट उघडलं. कप्प्यात समोरच डबा होता. लेकीनं हात घालून तो उचलला. व्याही काही बोलणार, तोच दारातून सासूबाई म्हणाल्या, "घेऊ दे तिला. तिच्याच आहेत."

लेक कामाला लागली. बापाशी मात्र बरेच दिवस बोलली नाही. आईलाच फोन करायची. मास्टर शेजारी बसून दुसऱ्या बाजूचं बोलणं ऐकायचा प्रयत्न करत.

मग एका रविवारी ती आली, बापाच्या गळ्याभोवती टॉवेल गुंडाळला आणि त्यांचे केस कापायला बसली. मानेवरून कात्री फिरवताना तिनं सांगितलं की सासऱ्यांनी त्या कपाटाला कुलूप लावायचंच सोडून दिलंय. मास्टर काही म्हणणार, एवढ्यात ती हसली. "आता ते दुपारभर कपाटासमोरच खुर्ची टाकून बसतात."