पत्रकात न बसलेली शक्यता

अन्याय माझ्या थोरल्या बहिणीवर झाला. २००८ साली, दिवाळीनंतरच्या पहिल्या मंगळवारी, सकाळच्या शिफ्टला, सातपूरच्या एका वर्कशॉपच्या गेटवर. सात वर्षं ती तिथं मोटारीच्या कॉइल गुंडाळत होती. त्या दिवशी सुपरवायझरनं तिला आत सोडलं नाही. आणि त्याच्या हातात माझं पत्रक होतं.

ताईला फिट यायच्या. गोळ्या सुरू झाल्यापासून दोन वर्षांत एकही आली नव्हती. तरी शॉपमधल्या बायका तिच्याजवळ डबा उघडत नसत. बाहेरचं काहीतरी आहे म्हणायच्या. माझं डोकं फिरायचं. मी तेव्हा एका छोट्या गटासाठी पत्रकं लिहायचे, भगत आणि गंडेदोरे यांच्याविरुद्ध. म्हटलं, यांच्या हातात विज्ञानच देते.

गटात जीवशास्त्र शिकवणारे एक सर होते. त्यांना घरी आणलं. ते म्हणाले, मेंदूतल्या पेशींच्या आवरणात बारीक दारं असतात, आयन चॅनेल. त्यांतून सोडियम-पोटॅशियमचे भारित कण आत-बाहेर करतात, त्यावर पेशीचा संदेश चालतो. पोटॅशियमची दारं पेशीला शांत करतात. दार बनवायची ऑर्डर जनुकातून आरएनएच्या एका लांब प्रतीवर उतरून येते. मायक्रोआरएनए नावाचा अगदी तोकडा तुकडा त्या प्रतीला चिकटला, की दारं कमी बनतात.

"म्हणजे आमच्याकडं जॉब कार्डावर होल्डची चिठ्ठी लावतात तसं," ताई म्हणाली. "माल पुढं सरकतच नाही."

सर खूश. "बरोबर! आता शांत करणाऱ्या दारांवरच अशा चिठ्ठ्या जास्त लागल्या, तर पेशी उगीच भडकत असेल. असेल म्हणतोय हं. माणसाच्या फिटशी याचा किती संबंध, ते अजून तपासतायत. शक्यता आहे, एवढंच."

शक्यता! पत्रकात शक्यता चालत नाही, हे मला पहिल्या दिवसापासून शिकवलेलं. मी ठळक अक्षरांत छापलं: 'फिट ही बाधा नाही! दोष मेंदूच्या पेशीतच आहे, हे विज्ञानानं सिद्ध केलंय!' खाली मायक्रोआरएनएचं सगळं लिहिलं. गोळ्यांचं वाक्य पानात बसेना, ते काढून टाकलं. आणि वर्कशॉपच्या गेटवर उभी राहून ते पत्रक येणाऱ्या-जाणाऱ्यांना वाटलं.

त्या मंगळवारी ताईचा फोन आला तशी धावत गेले.

"मॅडम, तुमीच लिवलंय ना, दोष पेशीतच हाय?" सुपरवायझर म्हणाला. "म्हंजी तो जायचा नाय. उद्या ही मशीनवर पडली तर जबाबदार कोण? तुमचं ते मायक्रो?"

त्याच्या मागं उभे असलेले कामगार हसले.

"दोन वर्षांत एकही फिट नाही तिला!"

"हे कुठं लिवलंय?"

कुठंच नव्हतं.

घरी जाताना ताई एवढंच बोलली, "बायका डबा लांब ठेवायच्या, पण मला काम तर होतं. तू मला घरी बसवलंस."

चूक माझी, ती मी कुणाच्या गळ्यात घालत नाही. पण डॉक्टरांचं पत्र घेऊन आम्ही दोघी तीनदा वर्कशॉपवर गेलो, तिन्ही वेळा तिथल्या लोकांनी पाकीट न उघडता परत दिलं. माझं अर्धवट वाक्य त्यांनी लगेच वाचलं, कारण ते त्यांच्या सोयीचं होतं. ताई अजून घरीच आहे.

तुम्ही मालक असा, सुपरवायझर असा, नाहीतर शेजारच्या मशीनवरचे. फिट येणाऱ्या माणसाला काढायची गोष्ट तुमच्यासमोर निघेल तेव्हा गप्प बसू नका. त्याला खुर्ची द्या, शेवटची फिट कधी आली ते विचारा, डॉक्टरांचं पत्र उघडून वाचा. मशीन धोक्याचं असेल तर दुसरं काम द्या. पण काम द्या!